तुर्काना : एका नळाचं सरोवर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मी भूगोलाचा मास्तर. मेहकरच्या एका शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं नववीच्या पोरांना एसटीनं लोणारला घेऊन गेलो. विवराच्या कडेवरून खाली उतरायचं, कमळजादेवीच्या देवळापाशी डबे सोडायचे आणि मग माझा ठरलेला प्रश्न विचारायचा. "या तळ्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. मग ते भरून वाहत का नाही?" एखादा मुलगा म्हणायचा, "सर, मुरतं." एखादी मुलगी म्हणायची, "उन्हानं उडतं." मुलीला मी शाबासकी द्यायचो. येणारं पाणी आणि उडणारं पाणी यांचा जमाखर्च जुळला की पातळी ठरते. क्षार मात्र उडत नाहीत, ते मागं राहतात, म्हणून पाणी खारट आणि बोटांना बुळबुळीत लागतं.

एवढं सांगून मी धडा संपवत असे. या धड्याचा पुढचा भाग मला निवृत्तीनंतर, आफ्रिकेत गेल्यावर कळला.

माझी मुलगी आणि जावई नैरोबीला असतात. जानेवारी २०२३ मध्ये आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. जावई म्हणाले, "बाबा, मसाई माराला जाऊ. सिंह हमखास दिसतात." मी म्हटलं, "जावईबापू, सिंह आपल्या गीरमध्येही आहेत. मला तुर्काना सरोवर दाखवा, ते आटून जायच्या आत." माझ्या फाइलीत २०१८ सालचं एक कात्रण होतं. युनेस्कोनं तुर्काना सरोवरावरची राष्ट्रीय उद्यानं धोक्यातल्या जागतिक वारशांच्या यादीत टाकल्याची ती बातमी होती. वरच्या बाजूला इथिओपियानं मोठं धरण बांधलं, आता सरोवर आटणार, असा त्यातला सूर होता. सौभाग्यवतींनी नातवापाशी राहणं पसंत केलं. जावयांनी चार दिवसांची रजा टाकली आणि एक गाडी चालकासह ठरवली.

हे सरोवर आहे केनियाच्या अगदी उत्तरेला. त्याचं वरचं टोक इथिओपियात शिरलेलं. पूर्व आफ्रिकेची जमीन जिथं उभी फाटत चालली आहे, त्या खचदरीतच ते पसरलं आहे. लांबी सुमारे २९० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघालात तर थेट सोलापूरच्या वाटेवर बरंच पुढं जाल एवढी. क्षेत्रफळ सुमारे ६,४०० चौरस किलोमीटर. वाळवंटी मुलखातलं जगातलं सर्वांत मोठं कायमस्वरूपी सरोवर आणि क्षारयुक्त अल्कधर्मी सरोवरांतलंही सर्वांत मोठं. बाहेरच्या जगाला त्याची खबर लागली ती १८८८ मध्ये, काउंट तेलेकी आणि लुडविग फॉन ह्योनेल हे दोघं पायपीट करत तिथं पोचले तेव्हा. त्यांनी ऑस्ट्रियाच्या युवराजाचं नाव देऊन त्याला 'रुडॉल्फ सरोवर' केलं. १९७५ मध्ये केनियानं ते बदलून 'तुर्काना' केलं. ते पश्चिम काठावरच्या पशुपालक जमातीचं नाव. खुद्द तुर्काना लोक त्याला पुष्कळ माशांचा समुद्र अशा अर्थाच्या नावानं ओळखतात, आणि मला तरी या सगळ्या नावांत तेच आवडलं.

नैरोबीहून आम्ही उत्तरेला निघालो. नान्यूकीपाशी विषुववृत्त ओलांडलं, इसिओलोला रात्र काढली. इथपर्यंत शेती, चहाच्या टपऱ्या, गर्दी. स्वाहिलीत चहाला 'चाय', चपातीला 'चपाती', दुकानाला 'दुका' आणि गाडीला 'गारी' म्हणतात, त्यामुळे परकं काही वाटेना. आमचा चालक सांबुरू जमातीचा, पंचविशीतला. तो मला 'म्झे' म्हणायचा. म्हणजे वडीलधारे, आपल्याकडच्या 'काका'सारखं.

इसिओलोच्या पुढं मुलूख बदलतो. तांबडी माती, काटेरी बाभळी, मधूनच उभे कडे. इथली जनावरंही दक्षिणेतल्या गवताळ प्रदेशातल्यांपेक्षा वेगळी. झेब्रा दिसला तो ग्रेव्हीचा झेब्रा. अंगावरचे पट्टे बारीक आणि दाट, पोट पांढरं, कान मोठे गोल. जगात हे प्राणी तीन हजारांच्या आसपासच उरले आहेत आणि बहुतेक सगळे उत्तर केनियात. जिराफही जाळीदार नक्षीचा. आणि गेरेनुक नावाचं एक हरीण, ज्याची मान लांब असूनही त्याचं भागत नाही; ते मागच्या दोन पायांवर सरळ उभं राहून झाडाची वरची पानं खातं. ही सगळी जनावरं कोरड्या मुलखाला सरावलेली. पण त्या वर्षी त्यांनाही सोसत नव्हतं. २०२० च्या अखेरीपासून तिथं एकामागून एक पाच पावसाळे कोरडे गेले होते. चाळीस वर्षांतला सर्वांत मोठा दुष्काळ. लाइसामिसपासून रस्त्याच्या कडेला गुरांचे सांगाडे दिसू लागले. काहींवर अजून कातडं होतं. आम्ही बाटलीतलं पाणी पीत होतो आणि रस्त्याकडेची मुलं हातात रिकामे पिवळे कॅन धरून आमच्याकडे बघत होती. जावयांनी दोन ठिकाणी गाडी थांबवून पाणी वाटलं. ते किती पुरणार होतं, हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला नाही.

साउथ हॉर ओलांडल्यावर वारा सुरू होतो. दोन्ही बाजूंच्या उंच प्रदेशांमधल्या खिंडीतून तो इतक्या नेमानं वाहतो की हवामानशास्त्रात त्याला 'तुर्काना जेट' असं नावच आहे. त्या वाऱ्यावर २०१९ पासून ३६५ पवनचक्क्यांचा प्रकल्प चालतो, ३१० मेगावॅटचा. काळ्या लाव्हाच्या माळावर पांढऱ्या पवनचक्क्यांच्या रांगा, आणि त्यांच्यामधून शेळ्या हाकणारी पोरं. जमीन ज्या पद्धतीनं प्रकल्पाला दिली गेली ती कायदेशीर नव्हती असा निकाल केनियाच्या न्यायालयानं २०२१ मध्ये दिला. आमचा चालक चक्क्यांकडे हनुवटीनं खूण करून एवढंच म्हणाला, "म्झे, वीज नैरोबीला जाते."

मग एका चढावरून सरोवर दिसलं. दूरवर एक हिरवा पट्टा. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळं त्याला 'जेडचा समुद्र' असं टोपणनाव पडलं आहे. जेड म्हणजे ते चिनी वस्तूंतलं दुधट हिरवं रत्न. भोवती एक झाड नाही, नुसते काळे दगड, आणि मध्ये हे एवढं पाणी. मी आटणारं सरोवर बघायला आलो होतो, म्हणून काठावर उतरल्यावर माझे डोळे सवयीनं ओळखीच्या खुणा शोधू लागले : भेगाळलेला चिखल, पांढरे क्षार, पाण्यापासून दूर राहिलेल्या होड्या. तसं काही नव्हतंच. उलट काठावरची झाडं पाण्यात उभी होती. वाळलेली, पानं झडलेली, कमरेपर्यंत बुडालेली. एका ताडासारख्या झाडाचा नुसता शेंडा वर होता आणि त्यावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता.

मी जावयांना म्हटलं, "हे काहीतरी उलटंच दिसतंय."

आमचा मुक्काम लोयांगलानीला होता. हे पूर्व काठावरचं गाव, गोड्या पाण्याच्या झऱ्यामुळं वसलेलं. सांबुरू भाषेत या नावाचा अर्थ पुष्कळ झाडांची जागा. गावाच्या उत्तरेला एल मोलो लोकांच्या दोन वस्त्या आहेत, लायेनी आणि कोमोते. एल मोलो ही केनियातल्या सर्वांत लहान जमातींपैकी एक. २०१९ च्या जनगणनेत त्यांची संख्या हजार-अकराशेच्या घरात भरली. भोवतीचे सगळे, म्हणजे तुर्काना, सांबुरू, रेंदिले, गाब्रा, हे गुरं, उंट, शेळ्या पाळणारे. त्यांच्या लेखी ज्याच्याकडे गुरं नाहीत तो दरिद्री, आणि मासे खायची वेळ येणं म्हणजे नशीब फिरणं. एल मोलो मात्र पिढ्यान् पिढ्या सरोवरावरच जगलेले. ताडाच्या जातीच्या झाडाचे ओंडके बांधून केलेल्या तराफ्यावर उभं राहायचं आणि भाल्यानं मासा टिपायचा. पूर्वी ते पाणघोडा आणि मगरही मारायचे. पाणघोडा मारणाऱ्याला जमातीत मोठा मान असे. १९७७ मध्ये केनियात शिकारीवर बंदी आली आणि तो मान केवळ गाण्यात, गोष्टीत उरला. त्यांची मूळ भाषा कुशितिक कुळातली. ती गेल्या शतकात हळूहळू विझली. आता घरोघरी सांबुरू बोलतात. म्हाताऱ्यांकडून भाषाशास्त्रज्ञांनी टिपून घेतलेले शब्द तेवढे कागदावर राहिले आहेत.

पहिल्या दिवशी आम्ही लायेनीला गेलो ते पर्यटक म्हणून. ठरलेले पैसे दिले, मग बायका रंगीत मण्यांच्या माळा घालून आल्या, नाचल्या, आम्ही फोटो काढले, त्यांनी माशाच्या मणक्यांचे दागिने मांडले, आम्ही दोन विकत घेतले. सगळं पंचेचाळीस मिनिटांत उरकलं. खरं सांगतो, मला अवघडल्यासारखं झालं. त्यांनाही झालं असावं, पण त्या दुष्काळात आमच्या पैशाची त्यांना गरज होती आणि ते स्वच्छ व्यवहारानं घेतले गेले. जाता जाता मी चालकामार्फत एका म्हाताऱ्या मच्छीमाराला विचारलं, "ती झाडं पाण्यात कशी गेली?" नाचाच्या वेळी तो बाजूला जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी वारा पडल्यावर या. दाखवतो."

वाऱ्याबद्दल इथं सांगायला हवं. लोयांगलानीला तो रात्रीच जोर धरतो. झोपडीवरचं झावळ्यांचं छप्पर रात्रभर असं वाजत होतं की कुणी सूप पाखडतंय. सूर्य वर आल्यावर केव्हातरी तो थकतो, तेव्हाच होड्या निघतात. या वाऱ्याची चूक महागात पडते. १९३४ मध्ये विव्हियन फुक्स यांच्या मोहिमेतले दोन शास्त्रज्ञ समोरच्या साउथ आयलंड बेटावर गेले. त्यांनी रात्री बेटावर पेटवलेला जाळ काठावरून दिसला. त्यानंतर ते दोघं कुणालाही दिसले नाहीत. याच फुक्स यांनी पुढं अंटार्क्टिका खंड पार केलं.

दहाच्या सुमारास म्हाताऱ्यानं आम्हाला फायबरच्या होडीतून कोमोतेला नेलं. "पूर्वी इथं चालत यायचो," तो म्हणाला. कोमोते ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती. पाणी चढलं, मधला भाग बुडाला आणि वस्तीचं बेट झालं. आता शाळेत जाणारी मुलं होडीनं जातात. गोड्या पाण्याची नळवाहिनी सरोवराखाली गेली, त्यामुळं लोकांना सरोवराचंच पाणी प्यावं लागतं. ते खारट तर आहेच, शिवाय त्यात फ्लोराइड भरपूर. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आणि काहींच्या नडग्या बाकदार. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही गावांत विहिरींच्या पाण्यामुळं असेच दात मी पाहिले आहेत. मगरीही जवळ आल्या आहेत. पूर्वी त्या जिथं पहुडायच्या ती वाळू बुडाली, म्हणून त्या घरांच्या बाजूला सरकल्या. आम्हाला एक दिसली, पंधरा-वीस हातांवर, नुसते डोळे आणि नाकपुड्या पाण्यावर. होडीतल्या पोरानं वल्ह्यानं पाण्यावर फटका मारला तशी ती खाली गेली, लाटसुद्धा न उठवता.

मग म्हाताऱ्यानं होडी थांबवली. भोवती पाणीच पाणी, मध्ये चार-दोन सुकी खोडं. तो म्हणाला, "माझा बाप इथं आहे."

त्यांची दफनभूमी आणि देवस्थानं काठावर होती. पाणी वाढायला लागल्यावर काही दगड त्यांनी वर हलवले, पण थडगी कशी हलवणार? आम्ही तिघं गप्प बसलो होतो. थोड्या वेळानं त्यानं जावयांच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं आणि एक काम सांगितलं. ही दोन खोडं आणि मागचा डोंगर एका फोटोत यायला हवा. मग होडी वळवून दुसऱ्या बाजूनं, तिकडचा सुळका आणि हेच खोड. म्हणजे खोडं कुजून पडली तरी पाणी उतरल्यावर नेमकी जागा सापडेल. माझ्या मनात आलं, ही तर आमची सर्वेक्षणाची रीत. दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतात तो बिंदू. मी त्याला विचारलं, "पाणी उतरेल?" तो म्हणाला, "माझ्या बापाच्या वेळी उतरलं होतं. आजाच्या वेळी चढलं होतं. उतरेल. मी असेन की नाही ते वेगळं."

आता मित्रहो, माझ्या कात्रणाकडे येतो. कात्रण खोटं नव्हतं. तुर्कानाला मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ९० टक्के पाणी एकटी ओमो नदी आणते. ती इथिओपियाच्या डोंगरांतून येते. म्हणजे एवढ्या मोठ्या सरोवराला एकच नळ, आणि त्याची तोटी दुसऱ्या देशात. खर्चाची बाजू उन्हाची. इथं वर्षाला दोन मीटरहून अधिक जाडीचा पाण्याचा थर उडून जातो. मी हिशेब मांडून पाहिला. ते साडेचारशे टीएमसीच्या वर जातं, म्हणजे आपल्या कोयनेसारखी चार धरणं दरवर्षी नुसती वाफ होऊन जातात. या ओमोवर गिबे-३ हे धरण झालं. सुमारे २४३ मीटर उंच, १,८७० मेगावॅट क्षमतेचं. २०१५ च्या सुरुवातीला त्यात पाणी अडवायला सुरुवात झाली. त्याचा जलाशय भरायलाच पाचशे टीएमसीहून अधिक पाणी लागतं. तेवढं पाणी पुढं सोडलं गेलं नाही आणि पुढच्या दोन वर्षांत तुर्कानाची पातळी दीड मीटरच्या आसपास खाली गेली. काठ उथळ असला की दीड मीटर उभी घट म्हणजे पाणी आडवं कितीतरी दूर सरकणं. युनेस्कोची चिंता त्यातून आली.

मग २०१९ उजाडलं. हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग नेहमीपेक्षा जास्त तापला आणि पूर्वेकडचा थंड राहिला. त्या वर्षी आपल्याकडे पावसाळा ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला होता, हे आठवत असेल. तिकडे पूर्व आफ्रिकेत त्याच कारणानं शेवटच्या तीन महिन्यांत प्रचंड पाऊस कोसळला. खचदरीतली सगळीच सरोवरं फुगली. तुर्कानाची वाढ त्याआधीच, २०१० नंतर सुरू झाली होती. धरण भरतानाची दोन वर्षं वगळता चढती कमानच होती. दहा वर्षांत सरोवराचं क्षेत्र सुमारे एक दशांशानं वाढलं. विचित्र वाटेल, पण ज्या दुष्काळात गुरं रस्त्याकडेला मरत होती त्याच दुष्काळात काठावरची गावं बुडालेली होती. सरोवरातलं पाणी तिथल्या पावसाचं नाहीच, ते शेकडो किलोमीटरवरच्या डोंगरांतलं. आणि खारट असल्यानं ते गुरांच्या चाऱ्यासाठी शेतात घालूनही उपयोग नाही.

मग धरणाची भीती फुकट होती का? माझं मत विचाराल तर नाही. वीजनिर्मितीचं धरण पाणी खात नाही, भरून झालं की पुन्हा सोडतं, हे बरोबर. पण ओमोच्या खालच्या खोऱ्यात उसाचे मळे झाले आहेत. ते पाणी पितात, आणि ऊस काय करतो हे महाराष्ट्राला मी सांगायला नको. दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. पूर्वी इथिओपियातल्या पावसाळ्यात ओमोला पूर येई, गढूळ पाण्याचा लोंढा सरोवरात शिरे आणि पातळी मीटर-दीड मीटर चढे, मग उतरे. त्या गढूळ पाण्यातून माशांचं खाद्य येई, नव्यानं बुडालेल्या गवतात मासे अंडी घालत. नदीच्या मुखाजवळचे दासानेच लोक पूर ओसरल्यावर उरलेल्या गाळात ज्वारी पेरत. धरण हा लोंढा अडवून वर्षभर सारखं पाणी सोडतं. वर्षाची बेरीज तीच राहिली तरी चढउतार गेला. वह्यांमध्ये मी मुलांना वार्षिक सरासरी लिहायला लावत असे. मासे सरासरीवर अंडी घालत नाहीत, हे मला माहीत नव्हतं.

चढउतार ही या सरोवराची जुनी खोडच आहे. नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी, वाळवंट हिरवं असताना, पाणी आजच्यापेक्षा ऐंशी-नव्वद मीटर उंच होतं आणि ते वायव्येकडून ओसंडून नाईलच्या खोऱ्यात जात होतं. म्हणूनच इथले मासे नाईलचे आणि मगरीही नाईलच्या. 'नाईल पर्च' हा अजस्र मासा व्हिक्टोरिया सरोवरात माणसानं आणून सोडला आणि तिथं त्यानं उच्छाद मांडला. इथं तो मूळचा रहिवासी आहे. त्याच्याही फार आधी याच काठावर माणसाचे पूर्वज वावरत होते. १९८४ मध्ये पश्चिम काठावर कामोया किमेउ यांना कवटीचा लहानसा तुकडा दिसला आणि त्यातून पंधरा-सोळा लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ सगळा सांगाडा हाती आला. लोमेक्वी इथं २०११ मध्ये तर तेहतीस लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली. १८८८ मध्ये तेलेकींना तुर्कानाजवळच दुसरं एक मोठं सरोवर लागलं होतं. ते आज बहुतेक काळ कोरडं मिठाचं पटांगण असतं.

पंधरा दिवसांनी आम्ही विमानानं लोडवारला गेलो, कारण पश्चिम काठ आणि मगरींचं बेट पाहायचं राहिलं होतं. सरोवर ओलांडून जाण्याचं धाडस त्या वाऱ्यात कुणी सुचवलंही नाही. काठावरच्या कालोकोल गावी एक मोठी इमारत आहे. नॉर्वेच्या मदतीनं १९८० च्या सुमारास बांधलेला मासे गोठवण्याचा कारखाना. हेतू चांगला होता : दुष्काळात गुरं गमावलेल्या तुर्कानांना मासेमारीवर उभं करायचं. पण त्या उष्णतेत मासे गोठवायचा खर्च माशांच्या किमतीहून जास्त पडू लागला आणि गोठवणी काही दिवसांतच थांबली. थोड्याच वर्षांत पाणी उतरलं आणि जिथून मासे येत ती फर्ग्युसनची खाडीच कोरडी पडली. पुष्कळ तुर्काना कुटुंबं गुरं विकून किंवा गमावून तिथं आली होती. पाणी स्थिर असतं असं गृहीत धरून आखलेली ही योजना, आणि हे मी हसून सांगत नाही, कारण माझ्या धड्यातही तेच गृहीत होतं. आज खाडीत पुन्हा पाणी आहे, होड्या आहेत, वाळवलेल्या माशांचे गठ्ठे ट्रकमध्ये चढतात.

तिथून होडीनं सेंट्रल आयलंड. हे बेट म्हणजे ज्वालामुखीच आहे. त्याच्या पोटात विवरांत साठलेली तळी आहेत. एक मगरींचं, एक फ्लेमिंगोंचं, एक तिलापिया माशांचं म्हणून ओळखलं जातं. चढून कडेवर गेलो आणि खाली पाहिलं तर मला लोणारच आठवलं. तसंच गोल, तसंच हिरवट, फक्त झाडी नाही. दुर्बिणीतून काठावर आडवे ओंडके दिसले, मग एका ओंडक्यानं जबडा उघडला. इथं मगरी अंडी घालतात. या मगरींच्या पोटाच्या कातड्यात हाडासारख्या कडक गाठी असतात, म्हणून ते पर्स-पट्ट्यांच्या धंद्याला चालत नाही आणि म्हणूनच त्या वाचल्या, असं सांगतात. पक्ष्यांचं तर विचारू नका. या सरोवरावर साडेतीनशेच्या वर जातींची नोंद आहे. युरोपातून दक्षिणेकडे जाणारे कितीतरी इथं थांबतात. मला ठाण्याच्या खाडीत येणारा तो लहान रोहित इथंही भेटला, आणि पाण्यावर चोचीची खालची कात्री टेकवत उडणारा पाणचिरा. त्याची वाळूतली घरटी मात्र पाणी चढलं की जातात.

जाणार असाल तर डिसेंबर ते मार्च बरा. पूर्व काठाला जायचं तर दोन दिवसांचा रस्ता धरा, सोबत जास्तीचं चाक आणि माणशी रोजचं पाच लिटर पिण्याचं पाणी. पश्चिमेला लोडवारपर्यंत विमान आहे. होडी सकाळीच ठरवा आणि वारा आहे म्हणून नावाडी नको म्हणाला तर वाद घालू नका. वस्तीत फोटो काढण्याआधी विचारा, पैसे आधी ठरवा. आणि जमलं तर नाचाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

नैरोबीला परतल्यावर जावयांनी त्या दोन फोटोंच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या. मागं मी पेन्सिलीनं दोन रेषा आणि डोंगरांची दिशा काढून दिली. त्यांना प्लास्टिकमध्ये घालून लोयांगलानीला माल नेणाऱ्या एका ट्रकवाल्याबरोबर पाठवलं. महिन्याभरानं आमच्या चालकाचा फोन आला. फोटो पोचले होते. म्हाताऱ्यानं एक स्वतःकडे ठेवला होता आणि एक शाळेत दिला होता.